दर मिनिटाला वीस धूमकेतू? लुई फ्रँक यांचे काळे ठिपके आणि छोट्या धूमकेतूंचा शोध

व्याध (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पाण्याच्या उगमावरच्या चर्चेत रेवाताईंनी विचारलं होतं: पृथ्वीवरचं पाणी धूमकेतूंनी आणलं असेल, तर ते आजही येत असणार, मग आपल्याला दिसत का नाही? नेमका हाच दावा एका नावाजलेल्या शास्त्रज्ञाने केला होता आणि त्यावरून पंधरा वर्षं वाद पेटला होता. चार ओळींत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

हे शास्त्रज्ञ म्हणजे आयोवा विद्यापीठाचे लुई फ्रँक. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांना ज्यांचं नाव आहे त्या जेम्स व्हॅन ॲलन यांचे विद्यार्थी. अंतराळयानांसाठी उपकरणं घडवण्यात त्यांची हयात गेली. ऑगस्ट १९८१ मध्ये नासाने डायनॅमिक्स एक्सप्लोरर-१ हा उपग्रह सोडला. ध्रुवीय प्रकाश टिपणारे त्याच्यावरचे कॅमेरे फ्रँक यांच्या गटाने बनवलेले होते.

दिवसाच्या बाजूला वरच्या वातावरणातले ऑक्सिजनचे अणू सूर्यप्रकाशामुळे १३०.४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात चमकतात. त्यामुळे या कॅमेऱ्याला पृथ्वीची दिवसाकडची बाजू एकसारखी उजळ दिसते. त्या उजळ भागावर मधूनच एखादा काळा ठिपका उमटायचा. दोनेक मिनिटांत नाहीसा. आधी सगळ्यांनी तो उपकरणाचा गोंगाट, म्हणजे उपकरणातूनच उमटलेली खोटी खूण, धरला. जॉन सिगवार्थ या विद्यार्थ्याला त्याचं मूळ शोधायला बसवलं, पण उपकरणात कारण काही सापडेना.

मग त्यांनी उलट बाजूने विचार केला. ठिपका खरा असेल तर? साधारण ५० किलोमीटर रुंदीत हा प्रकाश गिळून टाकेल असं काय असू शकतं? पाण्याची वाफ. किती लागेल? सुमारे १०० टन. म्हणजे भुसभुशीत बर्फाचा १२ मीटर व्यासाचा गोळा, वर कार्बनयुक्त काळं कवच, आणि वातावरणात शिरण्याआधीच उंचावर फुटून त्याची वाफ होते. ठिपके मोजले तर असे गोळे मिनिटाला २०, वर्षाला सुमारे एक कोटी. एप्रिल १९८६ मध्ये फ्रँक, सिगवार्थ आणि जॉन क्रेव्हन यांनी 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स'मध्ये हे छापलं.

हिशेब करून बघा. एक कोटी गुणिले १०० टन, म्हणजे वर्षाला अब्ज टन पाणी. पृथ्वीभर सारखं पसरलं तर थर दोन मायक्रॉनचा, कुणाला कळणारही नाही. पण साडेचार अब्ज वर्षं हेच चालू असेल तर आजच्या सगळ्या समुद्रांच्या तिप्पट पाणी होतं. आकाशातून पृथ्वीवर येणारी धूळ आणि बारीक उल्का यांचा सर्वमान्य अंदाज वर्षाला ४०,००० टनांच्या आसपास आहे. त्याच्या हजारो पट हा आकडा.

माझं मत आधीच सांगतो. दावा टिकला नाही, आणि टिकला नाही ते योग्यच झालं. पण 'कॅमेऱ्यातला एक काळा ठिपका म्हणजे वस्तू की गोंगाट' हे ठरवायचं कसं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. म्हणून त्यावर नीट बोलूया.

रेवा

व्याध, मनापासून आभार. भाबडा प्रश्न विचारते. मिनिटाला वीस येत असतील तर दुर्बिणीतून एकही दिसू नये? कवच काळं म्हणून लपतात का?

पश्चिमघाट

रेवाताई, प्रश्न मुळीच भाबडा नाही. अवघ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

१२ मीटरचा गोळा घ्या, त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी फक्त २ टक्के तो परत फेकतो असं धरा. तो १० लाख किलोमीटरवर असताना त्याची प्रत (तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तितकी वस्तू मंद) साधारण १८.५ येते. दीड लाख किलोमीटरवर आला की १४.५, म्हणजे आमच्यासारख्या हौशींच्या मोठ्या दुर्बिणीच्या आवाक्यात. काळा असूनही पुरेसा लपत नाही. अडचण वेगाची आहे. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आडवा जाणारा गोळा दीड लाख किलोमीटरवरून बघितला तर चंद्रबिंबाएवढं अंतर सव्वादोन मिनिटांत कापतो. कॅमेऱ्यात त्याचा प्रकाश एका बिंदूवर साचत नाही, लांब रेषेत पातळ पसरतो आणि पार्श्वभूमीत बुडतो. जवळ आला तर तेजस्वी पण वेगवान, लांब असला तर संथ पण मंद. लहान वस्तू शोधणारा प्रत्येक जण या कात्रीत सापडतो.

यावर एक तोड निघाली होती. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या क्लेन येट्स यांनी १९८८ च्या सुमारास ॲरिझोनात किट पीकवरची स्पेसवॉच दुर्बीण वापरली. गोळे ज्या दिशेने, ज्या वेगाने जायला हवेत, त्याच वेगाने दुर्बीणच सरकवायची. मग तारे लांबट होतात आणि गोळ्याची रेष आखूड, म्हणून ठळक होते. त्यांना काही पुसट रेषा मिळाल्या आणि फ्रँक यांनी तो पुरावा मानला. इतरांच्या मते त्या गोंगाटाच्या पातळीला इतक्या चिकटून होत्या की त्यांच्यावर काहीच उभं करता येत नव्हतं.

पुढे आयोवा विद्यापीठाच्याच रॉबर्ट म्यूटेल आणि जॉन फिक्स यांनी विद्यापीठाच्या ॲरिझोनातल्या स्वयंचलित दुर्बिणीने पद्धतशीर शोध घेतला. २००० साली निकाल छापला: एकही नाही. २००१ साली फ्रँक आणि सिगवार्थ यांनी त्याच दुर्बिणीच्या चित्रांतून 'सापडले' म्हणून प्रबंध छापला. त्यांनी एका चित्रात शटर उघडझाप करून रेषेचे ठराविक तुकडे पाडले होते, म्हणजे योगायोगाने उमटलेला गोंगाट तसाच तुटक दिसणार नाही. युक्ती खरंच चांगली होती. तरीही एकाच विभागातून, एकाच दुर्बिणीवरून दोन विरुद्ध निकाल आले.

माझ्या मते संख्येचा मुद्दा निर्णायक आहे. मिनिटाला २० पृथ्वीवर आदळत असतील, तर चंद्राच्या कक्षेच्या आत कुठल्याही क्षणी असे कोट्यवधी गोळे हवेत. ढोबळ गणितात मला दोन कोटींच्या वर आकडा मिळतो. एवढ्या गर्दीत निकाल गोंगाटाच्या काठावर कसा अडेल?

कातळ

मी भूशास्त्राची. दुर्बिणीतलं कळत नाही, पण चंद्रावर काय झालं असतं ते सांगते.

गोळे पृथ्वीवर येतात तर चंद्रावरही येणार, आणि तिथे त्यांना थोपवायला हवा नाही. चंद्राचा आकार आणि पृथ्वीच्या ओढीचा परिणाम धरला तरी दर दीडेक मिनिटाला एक गोळा आदळायला हवा. १०० टन, सेकंदाला १० किलोमीटर: एका किलोटन टीएनटीपेक्षा जास्त ऊर्जा. अपोलोच्या भूकंपमापकांनी १९६९ ते १९७७ या काळात अशनींचे सुमारे १,७०० आघात नोंदवले. आठ वर्षांत एवढे! मुद्दाम आदळवलेल्या रॉकेटच्या टप्प्यांचे धक्केही त्यांनी स्पष्ट टिपले होते, आणि त्यांची ऊर्जा या गोळ्यांच्या शंभराव्या हिश्शाएवढी होती. गोळे फार भुसभुशीत आहेत, म्हणून धक्का कमी बसतो, असा फ्रँक यांचा बचाव होता. पण ऊर्जा कुठेतरी जाणारच ना?

खड्ड्यांचंही तेच. २००९ पासून नासाचं लूनार रिकनिसन्स ऑर्बिटर हे यान चंद्राभोवती फिरतंय. एकाच जागेची आधीची आणि नंतरची चित्रं ताडून २०१६ साली २२२ नवे खड्डे जाहीर झाले. नवे खड्डे पडतात, मोजताही येतात, पण दिवसाला हजार मुळीच नाहीत.

आणि वायू. बर्फाबरोबर आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन हे उदासीन वायू येतात. ते कशाशी संयोग करत नाहीत, समुद्रात मुरत नाहीत, हवेत साचत राहतात. नेहमीच्या धूमकेतूंसारखे गोळे एवढ्या संख्येने कोट्यवधी वर्षं आले असते तर आपल्या हवेत हे वायू आजच्या कितीतरी पट असते. १९९७ साली स्विंडल आणि क्रिंग यांनी हे आकडेमोड करून दाखवलं. मला हा पुरावा सर्वांत पक्का वाटतो, कारण तो कुठल्याच कॅमेऱ्यावर अवलंबून नाही.

खडीसाखर

सगळं वाचलं. तरी मला फ्रँक यांची बाजू मांडावीशी वाटते, कारण इथे ती अर्धीच आली आहे.

पहिल्या कॅमेऱ्यात दोष होता असं क्षणभर मानू. पण फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलर उपग्रह गेला, त्यावर नवा, जास्त बारकाईने बघणारा कॅमेरा होता. त्यातही ठिपके आले. शिवाय ३०८.५ नॅनोमीटरला हायड्रॉक्सिलच्या, म्हणजे पाण्याचे रेणू तुटल्याच्या, उजळ रेघा दिसल्याचं फ्रँक यांनी सांगितलं. मे १९९७ मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा आधी विरोधात असलेले काही जण हलले होते. वेगळा उपग्रह, वेगळा कॅमेरा, वेगळी तरंगलांबी. याला सरळ 'गोंगाट' म्हणून बाजूला सारणं बरोबर आहे का?

आणि त्यांना जी वागणूक मिळाली तीही बघा. अकरा वर्षं माणूस जवळजवळ एकटा पडला होता.

इंद्रायणीकाठ

खडीसाखर, मुद्दा रास्त आहे. उत्तर देतो. माझं रोजचं काम कॅमेऱ्यांच्या संवेदकांची चाचणी घेण्याचं आहे.

पोलरवर फ्रँक यांच्या कॅमेऱ्याशिवाय आणखी एक अतिनील कॅमेरा होता, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉर्ज पार्क्स यांच्या गटाचा. त्यातही काळे ठिपके होते, तेव्हा 'दोन स्वतंत्र कॅमेऱ्यांत दिसले' असा गवगवा झाला. पार्क्स यांच्या गटाने मग आपली जुनी चित्रं काढली: उड्डाणाआधी प्रयोगशाळेत, दिव्यासमोर ठेवून घेतलेली. त्यांतही तसेच ठिपके! प्रयोगशाळेत धूमकेतू कुठून येणार?

दुसरी परीक्षा मला त्याहून आवडते. पोलरची कक्षा फार लांबट होती. पृथ्वीच्या केंद्रापासून अंतर कधी १.८ पृथ्वीत्रिज्या, कधी ९. पावसात गाडी चालवताना समोर काळा डाग दिसला, तर तो रस्त्यावरचा खड्डा आहे की काचेवरची घाण, हे पुढे गेल्यावर कळतं. खड्डा मोठा होत जातो, काचेवरचा डाग तेवढाच राहतो. इथेही तसंच. ५० किलोमीटरचं भोक खरं असेल तर उपग्रह जवळ आल्यावर त्याने चित्रातले जास्त बिंदू (पिक्सेल) व्यापायला हवेत, आणि लांब गेल्यावर ते एक बिंदूही भरणार नाही इतकं बारीक होऊन पुसट व्हायला हवं. पार्क्स यांच्या मोजणीत ठिपक्यांचा आकार आणि संख्या उंचीप्रमाणे तशी बदलत नव्हती. १९९८ मध्ये बर्कलीच्या फॉरेस्ट मोझर आणि सहकाऱ्यांनीही फ्रँक यांच्या कॅमेऱ्याची चित्रं तपासून हाच निष्कर्ष काढला.

फ्रँक यांनी १९९९ मध्ये उत्तर दिलं की मोठे ठिपके वेगळे काढले तर त्यांची संख्या उंचीनुसार बदलते. पण कुठला ठिपका 'मोठा' धरायचा याचा उंबरठा आपणच ठरवतो. उंबरठा हलवला की निकाल हलतो. मी रोज असे तक्ते बघतो. जो निकाल उंबरठ्यावर जगतो त्याच्यावर मी सही करत नाही.

व्याध

इंद्रायणीकाठ, काचेवरच्या डागाची परीक्षा अगदी चपखल मांडलीत.

खडीसाखर, वागणुकीबद्दल एक गोष्ट जोडतो. १९८६ साली तो प्रबंध छापला गेला तो संपादक ॲलेक्झांडर डेसलर यांच्यामुळे. त्यांना तो पटलेला नव्हता, तरी मांडणी छापण्याजोगी आहे म्हणून छापला. आणि तेच डेसलर पुढे सर्वांत कडक टीकाकारांपैकी एक झाले, १९९१ मध्ये त्यांनी एकेक आक्षेप सविस्तर लिहून काढला. मला दोन्ही गोष्टींबद्दल त्यांचा आदर वाटतो. फ्रँक २०१४ साली गेले, शेवटपर्यंत दावा सोडला नाही. त्यांना एकटं पडावं लागलं हे खरं. पण त्यांचं म्हणणं न तपासता फेकलं गेलं, हे खरं नाही. लोकांनी उपग्रह, दुर्बिणी, चंद्रावरच्या नोंदी सगळं त्यासाठी पणाला लावलं.

खडीसाखर

एवढं मान्य. मिनिटाला वीस हा आकडा मलाही आता अशक्य वाटतो. पण आकडा चुकला म्हणजे छोटे धूमकेतू नाहीतच, असं होत नाही. त्याबद्दल कुणी बोलणार का?

पूर्वा फाल्गुनी

मी बोलते. कारण ते आहेत, आणि मी ते रोज बघते.

डिसेंबर १९९५ मध्ये सोहो यान सूर्याच्या निरीक्षणासाठी सोडलं. त्यावरचा लॅस्को कॅमेरा सूर्याची चकती झाकून भोवतालचा भाग टिपतो. या चित्रांत आजवर ५,००० च्या वर धूमकेतू सापडलेत. पाच हजारावा मार्च २०२४ मध्ये. बहुतेक क्रॉइट्झ कुटुंबातले, एकाच मोठ्या धूमकेतूचे तुकडे, आणि त्यांतले पुष्कळसे काही दहा मीटर आकाराचे. सूर्याजवळ जातात आणि संपतात. शोधणारे बहुतांश आपल्यासारखे घरी बसलेले लोक.

बघायचं कसं ते सांगते. सी-३ कॅमेऱ्याची चित्रं साधारण दर १२ मिनिटांनी येतात. निळ्या चित्राच्या मधोमध सूर्य झाकणारी चकती आणि तिला धरणारा दांडा, डावीकडे खाली. दर तीन महिन्यांनी यान उलटं फिरवतात तेव्हा उजवीकडे वर. चार-पाच चित्रं एकामागून एक भराभर फिरवायची. तारे सगळे मिळून एका दिशेने सरकतात. ग्रह असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ असते. वैश्विक किरणांचे पांढरे ठिपके एका चित्रात येतात, पुढच्यात नसतात. संवेदकाचा बिघडलेला बिंदू जागचा हलत नाही. आणि या सगळ्यात एक-दोन बिंदूंएवढं काहीतरी ताऱ्यांच्या चालीशी न जुळता सूर्याकडे सरकतंय, हळूहळू उजळतंय. साधारण १२ सूर्यत्रिज्यांच्या आसपास सर्वांत तेजस्वी होतं, मग मावळत जातं. पलीकडून बाहेर येत नाही. क्रॉइट्झचा मार्ग महिन्यागणिक ठरलेला असतो, म्हणून कुठल्या कोपऱ्यातून येणार हे आधी माहीत असतं.

इंद्रायणीकाठ म्हणतात तेच इथेही लागू आहे. एका चित्रातला ठिपका म्हणजे काहीच नाही. ठिपक्याला मार्ग हवा.

पश्चिमघाट

फाल्गुनी, अप्रतिम. पण हे सूर्याला चाटून जाणारे, तापल्यामुळे उजळणारे. पृथ्वीजवळ थंड फिरणारे १०-१२ मीटरचे धूमकेतू ओळखणं अजून अवघड आहे, कारण धूमकेतू म्हणायचं ते कोमा (गोळ्याभोवतीचं वाफ-धुळीचं धूसर आवरण) किंवा शेपटी दिसली तर. एवढ्याशा गोळ्याभोवतीची वाफ दिसणारच नाही. मग त्याची नोंद लघुग्रह म्हणूनच होते.

ही वर्गवारी मोठ्या वस्तूंतही डगमगते. १९९६ साली एका लघुग्रहाला शेपटी दिसली, आता तो लघुग्रह ७९६८ आणि धूमकेतू १३३पी अशा दोन्ही नावांनी ओळखला जातो. ऑक्टोबर २०१७ मध्ये हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला सापडलेला ओउमुआमुआ आधी 'सी', म्हणजे धूमकेतू, मग शेपटी नाही म्हणून 'ए', आणि शेवटी सूर्यमालेबाहेरचा म्हणून '१आय'. काही आठवड्यांत तीन ओळखी. २०२० एसओ हा 'लघुग्रह' तर १९६६ च्या सर्व्हेयर-२ मोहिमेच्या रॉकेटचा रिकामा टप्पा निघाला. जानेवारी २०२५ मध्ये एका 'लघुग्रहाला' क्रमांक दिला गेला आणि लगेच रद्द करावा लागला, कारण ती अवकाशात सोडलेली टेस्ला गाडी होती.

व्याध

आणि इथेच खडीसाखर यांच्या प्रश्नाचं आजचं उत्तर आहे: काळोखे धूमकेतू.

२००३ आरएम नावाच्या लघुग्रहाची कक्षा वर्षानुवर्षं मोजताना लक्षात आलं की तो गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा किंचित वेगळा सरकतोय. सूर्याच्या उष्णतेने लहान वस्तूंना बारीक रेटा बसतो, पण हा रेटा त्याहून मोठा होता. वाफ बाहेर पडत असेल तर जुळतं. पण कोमा नाही, शेपटी नाही. डॅरिल सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये असे आणखी सहा आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी सात जाहीर केले. त्यांचे दोन गट दिसतात: गुरूच्या ओढीखाली फिरणाऱ्या धूमकेतूंसारख्या लांबट कक्षांतले मोठे, आणि पृथ्वीच्या आसपास गोलसर कक्षांत फिरणारे लहान, काही दहा मीटर किंवा त्याहूनही कमी.

या लहानांतला एक १९९८ केवाय२६. २०२५ च्या मोजणीनुसार त्याचा व्यास ११ मीटरच्या आसपास, फ्रँक यांच्या गोळ्यांच्या जवळपास. पण तो स्वतःभोवती सुमारे ५ मिनिटांत फिरतो आणि पृष्ठभाग उजळ आहे. भुसभुशीत बर्फ एवढ्या गतीला कसा टिकणार? कदाचित घट्ट खडकच असेल. मग रेटा कशाचा? जपानचं हायाबुसा-२ यान २०३१ मध्ये तिथे पोहोचणार आहे. यान एवढ्या छोट्या वस्तूजवळ याआधी कधीच गेलेलं नाही.

रेवा

म्हणजे शेपटीवरून नाही, चालीवरून ओळखायचं. पण त्यासाठी एकच वस्तू वर्षानुवर्षं परत परत सापडायला हवी ना?

पश्चिमघाट

अगदी बरोबर. लहान वस्तू दोन-चार रात्री दिसते आणि हरवते, मग रेटा मोजणार कसा? ऑक्टोबर २००८ चा २००८ टीसी३ आठवतो का? ४ मीटर व्यास, सुमारे ८० टन. कॅटालिना सर्वेक्षणाला सापडला आणि १९ तासांत सुदानच्या वाळवंटावर फुटला. वजन फ्रँक यांच्या गोळ्याएवढंच, आणि त्याचा स्फोट उपग्रहांनी टिपला, तुकडेही सापडले. खरा गोळा आला की एवढ्या खुणा सोडतो. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली चित्रं दाखवली तेव्हा दहाएक तासांच्या निरीक्षणात २,१०४ नवे लघुग्रह होते. तीच जागा पुन्हा पुन्हा टिपली जाईल, तेव्हा काळोख्या धूमकेतूंची यादी वाढेल असं मला वाटतं.

आपल्याकडे लडाखमध्ये हान्लेला आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून ग्रोथ-इंडिया दुर्बीण चालवतात. आरसा फक्त ७० सेंटिमीटरचा, पण आकाश उत्तम. पृथ्वीजवळच्या वेगवान लघुग्रहांचा पाठलाग तिथूनही होतो.

रेवा

फाल्गुनीताई, माझा भाचा दहावीत आहे, दिवसभर आकाशाचंच बोलतो. सोहोची चित्रं त्याला बघता येतील? पैसे, दुर्बीण काही लागतं का?

पूर्वा फाल्गुनी

काही लागत नाही, फक्त संगणक आणि नेट. 'सनग्रेझर प्रोजेक्ट' नावाने शोधलंत की पान सापडेल. पहिल्या दिवसापासून नवा धूमकेतू शोधायला लावू नका. आधी कुणीतरी नोंदवून पक्के झालेले धूमकेतू त्याला त्याच तारखेच्या चित्रांत स्वतः शोधू देत, म्हणजे डोळा तयार होतो. मग वहीत प्रत्येक चित्राची वेळ आणि ठिपक्याची जागा, आडवी-उभी दोन्ही, लिहायला सांगा. चार-पाच चित्रांतल्या जागा एका ओळीत आणि वेळेच्या प्रमाणात पुढे सरकल्या तरच नोंदणी करायची. नोंदणी करण्याआधी त्याला वाटलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघून सांगेन.